बेचाळीस किलोमीटरची हौस

जत्रेला तीन प्रकारची माणसे जातात, असे आपल्याकडे म्हणतात. हौशे मौजेसाठी जातात, नवशे बोललेला नवस फेडण्यासाठी जातात आणि गवशे काही हाती लागते का, हे पाहण्यासाठी. लांब पल्ल्याच्या शर्यतीच्या आरंभरेषेपाशी उभे राहिले, तर हीच मंडळी तेथेही भेटतात. सर्वांत पुढे बक्षिसाचे दावेदार असतात. त्यांना गवशे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल, कारण धावणे हीच त्यांची शेती आणि हाच त्यांचा व्यवसाय. त्यांच्यामागे हजारोंचा समुदाय असतो. त्यातील एकालाही जिंकण्याची आशा नसते. तरीही त्याने सहा-सहा महिने तयारी केलेली असते, प्रवेशशुल्क पदरचे भरलेले असते आणि पायांची सालपटे निघेपर्यंत तो धावणार असतो. हे हौशे म्हणावेत, तर इतके कष्ट हौसेखातर कोण उपसतो? नवशे म्हणावेत, तर नवस कोणत्या देवाला बोललेला?

अशी माणसे पाहण्यासाठी मुंबई-पुण्यालाच जायला हवे असे नाही. छत्तीसगडच्या राजधानीत, रायपूरमध्ये, पहाटे साडेचारला तेलीबांधा तलावाच्या काठी किंवा नवा रायपूरच्या रुंद, मोकळ्या रस्त्यांवर ती दिसतात. कोणी कार्यालयात कारकून असतो, कोणी दवाखान्यात परिचारिका, कोणी सिलतऱ्याच्या कारखान्यात पाळीवर काम करणारा. दिवसाच्या उजेडात त्यांना ओळखणे कठीण. पहाटे मात्र मनगटावरच्या घड्याळावरून आणि टाचेकडे झिजलेल्या बुटांवरून ती ओळखू येतात. शहर मैदानी असल्यामुळे रस्ते सपाट आहेत. चढाचा सराव हवा असेल, तर एखाद्या उड्डाणपुलावरून आठ-दहा वेळा वरखाली करण्यावाचून गत्यंतर नसते. पहाटे दूध घेऊन निघालेले सायकलस्वार त्यांच्याकडे पाहतात आणि पुढे जातात. सवयीने सगळेच खपून जाते.

रायपूरच्या धावणाऱ्याचे एक गाऱ्हाणे आहे आणि ते भूगोलाने लादलेले आहे. भारताची प्रमाणवेळ ज्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते, ते रायपूरच्या थोडेसेच पूर्वेला आहे. मुंबई त्या मानाने बरीच पश्चिमेला. त्यामुळे घड्याळ दोन्हीकडे एकच असले, तरी सूर्य रायपूरला अर्ध्या तासाहून अधिक आधी उगवतो. मे महिन्यात साडेपाचच्या आतच उजाडते आणि साडेसहाला ऊन बोचू लागते. दुपारी पारा चाळीस अंशांच्या वर गेलेला असतो. रात्रीही जमीन पुरती निवत नाही. अशा हवेत धावताना हृदयावर दुहेरी भार पडतो. स्नायूंना रक्त पुरवायचे असते आणि शरीर थंड राखण्यासाठी त्वचेकडेही रक्त वळवायचे असते. म्हणून जानेवारीत जो वेग सहज साधतो, तोच मे महिन्यात छाती फोडणारा ठरतो. जाणता धावणारा उन्हाळ्यात घड्याळाकडे पाहत नाही. तो श्वासाकडे लक्ष देतो, वेग उतरवतो आणि पाण्याबरोबर मीठही पोटात जाईल अशी व्यवस्था करतो. नुसते पाणीच भरमसाट पिणेही धोक्याचे असते, कारण त्याने रक्तातील क्षाराचे प्रमाण घसरते. छत्तीसगडच्या कष्टकऱ्यांना हे शास्त्र पुस्तकावाचून ठाऊक होते. रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी मीठ, कांदा आणि हिरव्या मिरचीबरोबर खाण्याची ‘बोरे-बासी’ची रीत शेतात राबणाऱ्यांच्या घामातूनच आली असली पाहिजे.

या सरावात नवख्याला सर्वांत जड जाणारी गोष्ट म्हणजे हळू धावणे. धावायचे म्हणजे जीव खाऊन पळायचे, अशी समजूत लहानपणापासून झालेली असते. शाळेच्या मैदानावरील शंभर मीटरची शर्यत डोळ्यांपुढे असते. लांब पल्ल्याचे गणित उलटे आहे. आठवड्यातील बहुतेक धाव इतक्या संथ गतीने करायची असते की शेजारच्याशी न धापता बोलता आले पाहिजे. अशा संथ धावण्याने महिनोन्‌महिने शरीरात जे बदल घडतात ते डोळ्यांना दिसत नाहीत. हृदय एका ठोक्यासरशी अधिक रक्त ढकलू लागते, स्नायूंमधील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि पेशींमधील ऊर्जा निर्माण करणारे कण वाढतात. स्नायू लवकर तयार होतात. स्नायू हाडाला जोडणारे कंडरे आणि हाडे मात्र सावकाश बळावतात. म्हणूनच अंतर एकदम वाढवू नये, असे अनुभवी लोक बजावतात. उत्साहाच्या भरात वाढवणारा पुढचे दोन महिने नडगी धरून बसतो. रविवारी लांब धाव असते: अठरा, बावीस, पुढे तीस किलोमीटर. तिच्या दुसऱ्या दिवशी विश्रांती. ही विश्रांतीही सरावच असते, हे घरच्यांना पटवणे सर्वांत अवघड. ‘इतका धावतोस आणि आज अंथरुणातून उठवत नाही?’ या प्रश्नाला कोणत्याही शास्त्रात समाधानकारक उत्तर नाही.

आठवड्यातून एखादा दिवस वेगाचा असतो. मैदानाची एक फेरी वेगाने, मग थोडी संथ, पुन्हा एक वेगाने, असे पुन्हा पुन्हा. ही पद्धत चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने जगभर गाजवली. चारशे मीटरच्या फेऱ्यांमागून फेऱ्या तो घालीत असे. सैन्यातील जड बूट चढवूनही धावत असे. 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये त्याने पाच हजार आणि दहा हजार मीटरच्या शर्यती जिंकल्या आणि त्यापूर्वी एकदाही मॅरेथॉन न धावलेल्या या माणसाने मॅरेथॉनही जिंकली. (कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीतील कांस्यपदक पटकावले ते याच हेलसिंकीत; मराठी वाचकाला एवढे अवांतर सहन व्हावे.)

हे सारे कशासाठी, असा प्रश्न शेजारीपाजारी विचारतातच. पैसे मिळतात का? मिळत नाहीत. नोकरीत बढती? तीही नाही. मग ही हौस झाली. आणि हौस हा शब्द उच्चारताना आवाजात किंचित उपहास येतो, कारण हौस ही पोट भरलेल्याने करावी, असा आपला समज आहे. हा समज आपल्यापुरताच नाही. इंग्लंडमध्ये 1866 साली हौशी धावपटूंचा एक क्लब निघाला. त्याच्या नियमांनुसार यांत्रिक, कारागीर किंवा मजूर असलेला माणूस हौशी ठरू शकत नव्हता. बक्षिसासाठी धावणाऱ्याला वगळले असते तर समजता आले असते. येथे हातांनी काम करून पोट भरणे हीच अपात्रता होती. 1880 साली स्थापन झालेल्या नव्या संघटनेने ही अट काढली, पण त्यामागची वृत्ती टिकून राहिली. 1912 च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये दोन सुवर्णपदके मिळवणाऱ्या अमेरिकेच्या जिम थॉर्पने पूर्वी थोड्या पैशांवर बेसबॉल खेळला होता, एवढ्यासाठी त्याची पदके काढून घेण्यात आली. ती परत देण्याचा निर्णय झाला 1982 मध्ये, त्याच्या मृत्यूला जवळजवळ तीस वर्षे लोटल्यानंतर.

मजुरांना दूर ठेवणाऱ्या या दाराशी लांब पल्ल्याच्या धावण्याने मात्र फार लवकर धडक दिली. 1896 साली अथेन्सला पहिल्या ऑलिम्पिकची मॅरेथॉन जिंकणारा स्पिरिडॉन लुईस पाणी वाहून नेण्याचे काम करीत असे. 1920 साली अँटवर्पला ती जिंकणारा फिनलंडचा हानेस कोलेमाइनेन गवंडी होता. आणि त्याच अँटवर्पच्या शर्यतीत आपल्या बेळगावचा एक तरुण धावत होता.

त्याचे नाव फडेप्पा दरेप्पा चौगुले. त्याची हकीकत पुण्याच्या डेक्कन जिमखान्यापासून सुरू होते. 1919 च्या सुमारास जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा हे होते. तेथील शर्यतींत खेड्यापाड्यांतून आलेले तरुण अनवाणी धावत. ना प्रशिक्षक, ना बूट, ना नियमांची फारशी ओळख. तरीही त्यांनी नोंदवलेल्या वेळा युरोपातील धावपटूंच्या वेळांच्या फार मागे नव्हत्या, हे टाटांच्या नजरेतून सुटले नाही. या मुलांना ऑलिम्पिकला पाठवावे, असे त्यांच्या मनाने घेतले. देश पारतंत्र्यात होता, भारताची ऑलिम्पिक संघटना अद्याप अस्तित्वात नव्हती. टाटांनी खटपट केली, पदरचे पैसे घातले आणि चार धावपटू व दोन मल्ल असा छोटा संघ आगबोटीने युरोपला निघाला.

22 ऑगस्ट 1920 हा मॅरेथॉनचा दिवस. हवा थंड आणि पावसाळी होती. मॅरेथॉनचे 42.195 किलोमीटर हे अंतर तोवर कायमचे ठरलेले नव्हते; ते पुढच्या वर्षी, 1921 साली ठरले. अँटवर्पचा मार्ग त्याहूनही लांब, 42.75 किलोमीटरांचा होता. दख्खनच्या तांबड्या मातीवर आणि उन्हात घडलेले पाय त्या ओल्या, परक्या रस्त्यावर पडत होते. चौगुल्यांचे सहकारी सदाशिव दातार यांना शर्यत पुरी करता आली नाही. कोलेमाइनेनने 2 तास 32 मिनिटे 35.8 सेकंदांत शर्यत जिंकली. एस्टोनियाचा लोसमान त्याच्यामागे अवघ्या तेरा सेकंदांनी पोचला. चौगुले एकोणिसावे आले. त्यांची वेळ होती 2 तास 50 मिनिटे 45.4 सेकंद.

एकोणिसाव्या क्रमांकाला पदक नसते आणि वर्तमानपत्रांचे मथळेही त्याच्यासाठी नसतात. पण ही वेळ कागदावर मांडून पाहिली, तर दर किलोमीटरला जवळजवळ नेमकी चार मिनिटे पडतात. ज्याने कधी धावून पाहिले आहे, त्याला या आकड्याची किंमत कळते. चार मिनिटांत एक किलोमीटर धावणे तरुणाला जमेलही. ते सलग बेचाळीस वेळा करणे ही गोष्ट वेगळी. आजही रायपूरच्या पहाटेच्या धावणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ही वेळ गाठता येईल, आणि त्यांच्याकडे उत्तम बूट आहेत, घड्याळे आहेत, शंभर वर्षांचे ज्ञान आहे. बेळगावात चौगुल्यांचे नाव जाणणारे आहेत. बाहेर मात्र ते फारसे कोणाला ठाऊक नाही. पदकांची यादी पाठ करणाऱ्या आपल्या सवयीत अशी माणसे गळून पडतात.

स्त्रियांना तर हौसेचे हे दार आणखी उशिरा उघडले. 1967 साली बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये कॅथरिन स्वित्झर नावाची तरुणी क्रमांक लावून धावत असताना एका पदाधिकाऱ्याने धावत येऊन तिला रस्त्यातून ओढून काढण्याचा प्रयत्न केला. ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन सुरू झाली ती 1984 मध्ये. म्हणजे लुईस धावला त्यानंतर तब्बल अठ्ठ्याऐंशी वर्षांनी. इतकी वर्षे स्त्रीच्या शरीराला हे झेपणार नाही, असे गंभीर चेहऱ्याने सांगितले जात होते; आणि सांगणाऱ्यांच्या घरी विहिरीचे पाणी कोण आणत होते, हे कोणी विचारले नाही. रायपूरच्या रस्त्यावर पहाटे धावणाऱ्या बाईला आज कोणी नियमाने अडवत नाही. तिचे अडथळे वेगळे आहेत. डबे भरून ठेवायचे तर साडेतीनला उठावे लागते. अंधारात एकटीने बाहेर पडावे, तर भटकी कुत्री आणि त्याहून नकोशा नजरा. म्हणून दोघी-तिघी जमेपर्यंत ती कोपऱ्यावर थांबते. एखादी आली नाही, तर त्या दिवशीचा सराव बुडतो. पुरुषाच्या सरावाच्या वहीत असे कारण क्वचितच सापडेल.

येथे बारामतीजवळच्या पिंपळीच्या लता करे यांचे नाव येणे अपरिहार्य आहे. साठी ओलांडलेल्या या शेतमजूर बाईंचे पती आजारी पडले. तपासणीसाठी पाच हजार रुपयांच्या आसपास खर्च होता आणि तेवढे पैसे घरात नव्हते. 2014 साली बारामतीत ज्येष्ठ नागरिकांसाठी तीन किलोमीटरची शर्यत होती आणि तिचे बक्षीस तेवढ्याच रकमेचे होते. लताबाई नऊवारी लुगड्यात, अनवाणी धावल्या आणि पहिल्या आल्या. शर्यतीचा सराव असा त्यांनी कधी केलेला नव्हता. मात्र कामासाठी शेतापर्यंत चालणे, दिवसभर वाकून राबणे आणि परत येणे यात आयुष्य गेले होते. त्यांची धाव हौशी म्हणावी, तर हौसेला तेथे जागाच नव्हती. आणि व्यावसायिक म्हणावी, तर त्याहून हास्यास्पद. नवस म्हटले, तर कदाचित जवळचे ठरेल. 2020 साली त्यांच्या जीवनावर मराठी चित्रपट निघाला आणि त्यात लताबाईंची भूमिका स्वतः लताबाईंनीच केली. पण सांगण्यासारखी गोष्ट आणखी एक आहे. 2014 नंतर त्या थांबल्या नाहीत. 2015 मध्ये पुन्हा आरंभरेषेवर आल्या, आणि 2016 मध्येही.

रायपूरच्या धावणाऱ्यांपैकी ज्यांना मोठ्या शर्यतीचा अनुभव घ्यायचा असतो, ते जानेवारीत मुंबईला जातात. 2004 साली सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनसाठी गीतांजली एक्स्प्रेस त्यांना अगदी सोयीची, कारण ती ज्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर थांबते, त्याच्याच दाराशी शर्यत सुरू होते. शर्यतीपूर्वीचे दोन-तीन आठवडे सराव मुद्दाम कमी केलेला असतो आणि तेच दिवस सर्वांत अस्वस्थतेचे. पाय फुरफुरत असतात, नसलेली दुखणी जाणवू लागतात. आदल्या रात्री झोप लागत नाही; तिची फारशी गरजही नसते, असे जाणते सांगतात.

चार तासांत शर्यत पुरी करायची, तर दर किलोमीटर सरासरी 5 मिनिटे 41 सेकंदांत कापावा लागतो. हा आकडा पाठ असतो. तरीही हजारोंच्या लोंढ्यात, ढोल-ताशांच्या गजरात पहिले पाच किलोमीटर पाच मिनिटांच्या वेगाने निघून जातात आणि ते इतके सोपे वाटतात की सहा महिन्यांचा सराव फळाला आला, असे मनात येते. याचा हिशेब पुढे चुकता करावा लागतो. स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने साठवलेली साखर साधारण तीसेक किलोमीटर पुरते, आणि वेग वाढवला तर ती त्याआधीच सरते. मग शरीराला चरबीवर विसंबावे लागते आणि चरबी तितक्या झटपट ऊर्जा देत नाही. धावणारे याला ‘भिंत’ म्हणतात. मुंबईत या सुमारास ऊन वर आलेले असते, हवेत दमटपणा असतो आणि पेडर रोडचा चढ समोर उभा राहतो. उड्डाणपुलावर तयार झालेल्या रायपूरच्या पायांना तो चढ जितका असतो त्याहून मोठा दिसतो.

येथे बहुतेक जण चालू लागतात. रस्त्याच्या कडेला उभे असलेले अनोळखी लोक संत्र्याच्या फोडी, केळी, चिक्की पुढे करतात. छातीवरच्या कागदावर छापलेले नाव वाचून हाक मारतात. कोणी मूल नुसतेच हात पुढे करून उभे असते आणि टाळी दिल्यावर खूश होते. गंमत अशी, की चालणारा माणूस पाहणाऱ्यांच्या शरमेने पुन्हा धावू लागतो. सातशे-आठशे पावले धावतो, पुन्हा चालतो, विजेच्या पुढच्या खांबापर्यंत धावायचे ठरवतो, तेथे पोचल्यावर आणखी एक खांब.

अंतिम रेषेवर घड्याळात चार तास सतरा मिनिटे झालेली असतात. ठरवलेल्यापेक्षा सतरा अधिक. मागच्या वेळेपेक्षा मात्र सहा कमी. विजेता केव्हाच हॉटेलवर परतलेला असतो. गळ्यात पदक पडते, ते येथे शर्यत पुरी करणाऱ्या प्रत्येकाला मिळते. माणूस पदपथावर बसतो आणि बुटाची नाडी सोडण्यासाठी वाकता येत नाही हे लक्षात आल्यावर तसाच बसून राहतो. शेजारी बसलेला अनोळखी माणूस एक शब्द न बोलता त्याची नाडी सोडून देतो.

परतीच्या गाडीत वरचा बर्थ मिळालेला असतो. तो बदलून घेण्यासाठी समोरच्या प्रवाशाला कारण सांगावे लागते, आणि कारण ऐकून तो विचारतो, ‘मग कितवा नंबर आला?’ रायपूर येईपर्यंत या प्रश्नाचे उत्तर तीन वेळा देऊन होते. दुसऱ्या दिवशी सिलतऱ्याला पहिली पाळी असते. कारखान्याचा लोखंडी जिना चढता येतो. उतरताना मात्र दोन्ही हातांनी कठडा धरून, पाठमोरे, एकेक पायरी उतरावी लागते. खाली उभे असलेले सोबती हसत असतात. त्यातला एक जण जेवणाच्या सुट्टीत हळूच जवळ येतो आणि विचारतो, ‘पहाटे किती वाजता निघता तुम्ही?’